वऱ्हाडातल्या उंच जागा : हवाखाना, गावचा बुरूज आणि अमरावतीचा परकोट



आजचा विषय वरवर पाहता सहलीचा वाटेल. आपण नव्या शहरात गेलो की तिथली माणसं आपल्याला हमखास एखाद्या उंच जागी घेऊन जातात. पॅरिसला गेलेला माणूस आयफेल टॉवर चढतो, हैदराबादला गेलेला चारमिनार चढतो. वर गेलं की शहर एका नजरेत येतं. आपण दोन-चार खुणा ओळखतो, फोटो काढतो आणि उतरतो. आता प्रश्न असा की अकोल्याला किंवा अमरावतीला आलेल्या पाहुण्याला आपण कुठे चढवायचं? बहुतेक जण म्हणतील, आपल्याकडे तसलं काही नाही. चिखलदऱ्याला न्या फार तर.

आमचं म्हणणं असं आहे की आपल्याकडे तसलं पुष्कळ आहे. फक्त ते प्रेक्षणीय स्थळ म्हणून बांधलेलं नाही. वऱ्हाडात उंच जागा बांधल्या गेल्या त्या पहाऱ्यासाठी, भीतीपोटी, वसुलीसाठी आणि क्वचित हवा खाण्यासाठी. म्हणून अशा जागी उभं राहिल्यावर इथून काय दिसतं एवढंच विचारून चालत नाही. इथे उभं राहून कोण, कोणावर आणि कोणासाठी नजर ठेवत होतं, हेही विचारावं लागतं. आज आपण अशा तीन जागा पाहू : अकोल्याचा असदगड, अडगावजवळच्या एका गावातला बुरूज आणि अमरावतीचा परकोट.

आधी जमीन समजून घेऊ, कारण बुरुजाची उंची ही भोवतालच्या जमिनीवर ठरते. वऱ्हाडचे जुने भाग आपल्याला ठाऊक आहेत. उत्तरेला सातपुड्याच्या रांगांमधला मेळघाट, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराचा बालाघाट, आणि दोहोंच्या मधला सपाट पट्टा म्हणजे पाईनघाट. हा पाईनघाट पूर्णा नदीचा. काळी कसदार जमीन, टेकडी नाही की टेंगूळ नाही. अशा मैदानात जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचं क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. तेही मध्ये काही आड आलं नाही तर. आणि आड तर येतंच. जुनी उंच ज्वारी दिवाळीच्या सुमारास पुरुषभर वाढलेली असायची. तिच्या पलीकडे घोडेस्वारांची टोळी उभी असली तरी कळायचं नाही.

आता त्याच माणसाला दहा मीटर वर चढवा. साधारण तीन मजल्यांची उंची झाली. त्याचं क्षितिज एकदम अकरा किलोमीटरच्या पुढे जातं. सैन्याची किंवा जनावरांची धूळ तर त्याहून लांबूनही दिसते. अकरा किलोमीटर म्हणजे दुडक्या चालीनं येणाऱ्या स्वाराला पाऊण ते एक तास. बुरुजाचं सगळं मोल या एका तासात आहे. तेवढ्या वेळात गुरं आत घेता येतात, बायकापोरं गढीत नेता येतात, धान्याच्या पेवावर माती ओढता येते, वेशीची दारं लावता येतात. बुरूज माणसाला लढाई जिंकून देत नाही, तो एक तास मिळवून देतो. हा हिशोब लक्षात ठेवा, आपल्याला पुढे त्याची गरज पडणार आहे.

हे काही फक्त सरदार-जहागीरदारांनाच कळत होतं असं नाही. शेतकऱ्यालाही कळत होतंच. ज्वारीच्या वावरात चार बल्ल्या रोवून केलेलं मचाण, त्यावर गोफण घेऊन बसलेलं पोरगं आणि रात्रीची जागल, हाही बुरूजच. गावच्या जागल्याचं काम तेच होतं. उंचावर बसायचं, जागं राहायचं आणि खालच्यांना सांगायचं. वऱ्हाडातला सगळ्यात जुना बुरूज शोधायला निघालात तर तो दगडाचा निघणार नाही, असल्या चार बल्ल्यांचाच निघेल.

चला आता अकोल्याला. मोर्णेच्या काठावर असदगड आहे. त्याच्याबद्दलची आख्यायिका अकोल्यातल्या पोरालाही माहीत असते. अकोलसिंग नावाच्या माणसानं एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला पाहिला, जागा शुभ आणि पराक्रमाची मानली आणि इथे मातीचा कोट घातला. ही गोष्ट अहमदाबादसह इतरही ठिकाणांबद्दल सांगतात, तेव्हा तिला इतिहास म्हणून धरू नका. पण तिच्यातला एक तपशील टाकून देऊ नका : मातीचा कोट. वऱ्हाडात सुरुवात मातीनंच होते, दगड मागून येतो.

दगड आला तो औरंगजेबाच्या काळात. अकोला तेव्हा असदखान या मोगल वजिराच्या जहागिरीत होतं. किल्ल्याला नाव त्याचंच पडलं. सतराव्या शतकाच्या अखेरीस, साधारण १६९७-९८ च्या सुमाराला तट मजबूत झाले, आणि त्या कामाशी ख्वाजा अब्दुल लतीफ याचं नाव शिलालेखात जोडलेलं आहे. दुसरीकडे अगरवेशीच्या दरवाजावरचा लेख म्हणतो की हा किल्ला १८४३ मध्ये गोविंद अप्पाजी यांनी बांधला. म्हणजे एकाच किल्ल्याचे दोन बांधकर्ते, आणि मध्ये सुमारे दीडशे वर्षांचं अंतर! यात गोंधळून जायचं कारण नाही. किल्ला एकदा बांधून होत नाही. तो पडतो, डागडुजी होते, नवा दरवाजा बसतो, आणि ज्याच्या पैशानं दरवाजा बसला तो 'मी किल्ला बांधला' असं लिहून मोकळा होतो. आजही नाही का, रंग दिलेल्या शाळेवर उद्घाटनाची पाटी लागते!

या किल्ल्यातला उंच मधला भाग म्हणजे हवाखाना. नावातच सगळं आलं. तट आणि बुरूज पहाऱ्यासाठी, पण हवाखाना अधिकाऱ्यानं संध्याकाळी वाऱ्यावर बसावं म्हणून. वऱ्हाडचा उन्हाळा ज्यानं सोसला आहे त्याला या जागेची किंमत वेगळी सांगायला नको. पण हवा खाताना नजर रिकामी नसते. वरून नदीचा उतार दिसतो, पेठ दिसते, कोणाच्या दारात गाड्या लागल्या, कोणाची गंजी मोठी झाली तेही दिसतं. जहागिरीचं उत्पन्न म्हणजे त्या गंज्यांतला वाटा. शत्रूवर नजर ठेवायला बाहेर बघावं लागतं आणि वसुलीवर नजर ठेवायला आत. उंच जागा एकच, नजरेची दिशा तेवढी वेगळी.

निव्वळ सुखासाठी बांधलेली उंच जागाही वऱ्हाडात आहे. अचलपूरजवळचा हौज कटोरा पाहा. तलावाच्या मधोमध उभा केलेला अष्टकोनी मजल्यांचा मनोरा. तिथून कोणी पेंढारी शोधत नव्हतं. एलिचपूर ही जुनी राजधानी, आणि राजधानीला चैन परवडते. पाईनघाटातल्या गावांना ती परवडणारी नव्हती. त्यांच्या वाट्याला गढी आली.

गढी म्हणजे काय हे तुमच्यापैकी अनेकांना सांगायची गरज नाही. देशमुखाचा किंवा पाटलाचा उंच वाडा, खाली दगड आणि वर पांढऱ्या मातीचा जाड तट, कोपऱ्यांना बुरूज. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही आपली जुनी विभागणी. गढी म्हणजे पांढरीचं टोक. संकट आलं की सगळं गाव त्या टोकाला चिकटायचं.

अशाच एका गावच्या बुरुजावरून वऱ्हाडच्या इतिहासातली बहुधा सगळ्यात महागात पडलेली नजर टाकली गेली. तारीख २९ नोव्हेंबर १८०३. इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. २३ सप्टेंबरला असईची लढाई होऊन गेली होती. सातपुड्यातला भोसल्यांचा गाविलगड हे इंग्रजांचं पुढचं लक्ष्य होतं. वऱ्हाडच्या मैदानात नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांची फौज होती, त्यांचे बंधू व्यंकोजी उर्फ मन्याबापू तिचे सेनापती होते, आणि दौलतराव शिंद्यांचं घोडदळ जवळच होतं. समोर आर्थर वेल्सली आणि कर्नल स्टीव्हन्सन. वेल्सली म्हणजे पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याचा मुक्काम या मोहिमेत अकोल्यालाही पडला होता.

शिंद्यांशी आठवडाभर आधी तहकुबीचा करार झाला होता, पण भोसल्यांशी नव्हता. करारातल्या अटीप्रमाणे शिंद्यांनी फौज लांब न्यायची होती, ती त्यांनी नेली नाही असं वेल्सलीचं म्हणणं. शिंद्यांचे वकील हल्ला करू नका म्हणून विनवत होते. अशा अवस्थेत त्या दिवशी दोन्ही इंग्रज फौजा लांबची मजल मारून एका गावाशी एकत्र आल्या. वेल्सलीच्या पत्रात गावाचं नाव 'पार्टर्ली' असं येतं. पाथर्डी-पाथर्डा या वळणाचं आपलं नाव, इंग्रजी कानांनी ऐकलेलं. अडगावचं 'अर्गाम' झालं तसंच.

आणि त्या पत्रात वेल्सली लिहितो की या गावातल्या एका बुरुजावरून त्याला सिरसोलीच्या पलीकडे दोनेक मैलांवर एक अस्पष्ट गर्दी दिसली. ती म्हणजे चाल करत असलेलं शत्रूचं सैन्य होतं, हे नंतर कळलं.

इथे थोडं थांबा. त्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, बुरुजावरूनही स्पष्ट काही दिसलं नाही. धूळ दिसली, हालचाल दिसली. उंची लांबचं दाखवते, पण ओळख पटवून देत नाही. त्या दिवशी ऊन कडक होतं, शिपाई थकले होते. वेल्सलीचा विचार मुक्काम करण्याचा होता. मराठी घोडेस्वार त्याच्या बाजूच्या म्हैसूरच्या घोडदळाला सतावत होते म्हणून तो पुढे गेला, आणि मग जमिनीवरून त्याला खरं चित्र दिसलं : अडगावचे मळे आणि वाड्या पाठीशी घेऊन पाचेक मैल पसरलेली मराठी फौज, मध्ये ओढ्या-नाल्यांनी कापलेलं मैदान.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तो बुरूज कोणाचा होता? इंग्रजांनी तो बांधला नव्हता. वऱ्हाडातल्या खेड्यात बुरूज म्हटला की तो गढीचा किंवा गावकोटाचा. म्हणजे गावानं स्वतःसाठी, येणारं संकट एक तास आधी कळावं म्हणून उभारलेला. आता संकट गावात शिरून त्याच बुरुजावर चढलं होतं आणि तिथून पुढचं गाव न्याहाळत होतं. बुरुजाला मालक कळत नाही. वर जो चढेल त्याला तो दाखवतो.

लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली. मराठी तोफांनी मारा सुरू करताच इंग्रजांकडच्या काही हिंदी पलटणी मागे फिरल्या. याच पलटणी असईला खंबीर उभ्या राहिल्या होत्या. वेल्सली योगायोगानं जवळ होता, त्यानं त्यांना पुन्हा रांगेत आणलं. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असं त्यानं स्वतःच लिहिलं आहे. मग मात्र सूर्यास्ताच्या आत चित्र पालटलं. मराठ्यांच्या ३८ तोफा पडल्या, आणि पळत्या फौजेचा पाठलाग चांदण्यात चालू राहिला. इंग्रजांकडचे मेलेले-जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास. आपल्या बाजूचे किती गेले याचा नेमका आकडा देता येत नाही, आणि अडगाव-सिरसोलीच्या शेतकऱ्यांची किती पिकं तुडवली गेली याचा हिशोब तर कोणी मांडलाच नाही. नोव्हेंबरचा शेवट होता. कापूस वेचणीला आला असणार, ज्वारी निसवली असणार.

पुढचं भराभर घडलं. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. १७ डिसेंबरला एलिचपूरजवळच्या देवगावला भोसल्यांशी तह झाला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला आणि तो इंग्रजांचा दोस्त असलेल्या निजामाकडे गेला. अर्थात गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडे राहिले. बुरुजावरच्या त्या नजरेपासून देवगावच्या सहीपर्यंत अवघे अठरा दिवस. एवढ्यात वऱ्हाडचा धनी बदलला, आणि या दोन्ही तहांना ज्यांची नावं मिळाली ती आपल्याच जिल्ह्यातली गावं आहेत.

आता तिसरी जागा, अमरावती. धनी बदलला म्हणून मुलूख शांत झाला नाही. मोडलेल्या फौजांतले बेकार स्वार आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्या यांना मोकळं रान मिळालं. अमरावती ही कापसाची आणि सावकारीची पेठ, तेव्हा डोळा तिच्यावरच. म्हणून निजामाच्या सरकारनं १८०७ मध्ये शहराभोवती दगडी कोट बांधायला घेतला. तोच आपला परकोट. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याचं माप आहे : घेर सव्वादोन मैल, म्हणजे सुमारे साडेतीन किलोमीटर, आणि उंची २० ते २६ फूट. पाच दरवाजे : अंबा, नागपुरी, महाजनपुरी, खोलापुरी, भुसारी. आणि चार खिडक्या : माता, पटेल, छत्रपुरी, खुनारी. खिडकी म्हणजे इथे हवेची खिडकी नव्हे, माणसांच्या ये-जेसाठी तटात ठेवलेला छोटा दरवाजा.

असदगड आणि परकोट यांत एक फरक पाहा. असदगडात सत्ता राहते आणि शहर त्याच्या बाहेर आहे. परकोटात मात्र शहरच आत आहे. दुकानं, माड्या, देवळं, कापसाची कोठारं सगळी तटाच्या पोटात. तटावर उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्याच्या मागे त्याचं स्वतःचं घर आहे. त्याची नजर बाहेर आहे, कारण वाचवायचं ते आत आहे. आमच्या मते वऱ्हाडातला हा खराखुरा लोकांचा बुरूज, जरी तो बांधला सरकारनं आणि मुख्य काळजी सावकारांची होती तरी. 'लोकांचा' या शब्दाला मर्यादाही आहेत, हे विसरू नका. तट आला की आतले आणि बाहेरचे आले. पेठ आत, आणि आसपासची उघडी खेडी बाहेर. पेंढाऱ्यांना परकोट जमला नाही की ते जायचे कुठे? त्या खेड्यांवरच.

आणि परकोटसुद्धा रक्ताशिवाय राहिला नाही. खुनारी खिडकीच्या नावाचं कारण गॅझेटियर असं देतं की १८१८ मध्ये तिच्याजवळ झालेल्या मारामारीत ७०० माणसं मारली गेली. आज त्या खिडकीतून आपण स्कूटर काढतो. नाव उच्चारतो, पण नाव का पडलं ते विचारत नाही.

१८१८ पर्यंत पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. १८६० च्या दशकात रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ ला नागपूरपर्यंत पोचली. आपला मघाचा एक तासाचा हिशोब आठवा. तार आणि रेल्वे आल्यावर त्या एका तासाला किंमत उरली नाही. १८७० च्या सुमारास असदगडाचे तट इंग्रजांनी पाडले. १९१० च्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की हवाखान्यात शाळा भरते. ही नोंद आम्हाला फार आवडते. जिथे बसून जहागिरीचा अंमल चालला, तिथे पोरं पाढे म्हणू लागली. वऱ्हाडच्या आकाशरेषेवर बुरुजाच्या जागी आता जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या, मग पाण्याच्या टाक्या, आणि आज मोबाइलचे टॉवर. लांबून येताना गाव ओळखायचं ते कशावरून, यावर त्या काळाची सत्ता कुठे होती ते कळतं.

शेवटचा मुद्दा, आणि आजच्या व्याख्यानाचं कारणही हेच. पाईनघाटातल्या शेकडो बुरुजांवर जागल्ये, पाटील, शिपाई पिढ्यानपिढ्या उभे राहिले. त्यांनी काय पाहिलं? कोणत्या दिशेला कोणतं भय होतं, टोळी कुठल्या नाल्यातून येई, कोणता कोस आधी बघायचा? यातलं आपल्या हाती लिहिलेलं जवळजवळ काही येत नाही. अडगावच्या लढाईचं जे वर्णन आपण सांगतो, आजही मी सांगितलं, ते त्या बुरुजावर काही वेळ टेकलेल्या परक्या सेनापतीच्या पत्रातून. तो लिहून ठेवत होता आणि आपले लोक तोंडी सांगत होते. तोंडी सांगितलेलं तीन-चार पिढ्यांत विरतं. परिणाम असा झाला की आपल्याच बुरुजावरून दिसणारा देखावा आपल्याला दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावा लागतो.

हे पूर्ण भरून निघणार नाही. पण गढ्या अजून सगळ्या गेलेल्या नाहीत. दर पावसाळ्यात मात्र त्या थोड्या थोड्या वाहून जातात. पांढरी माती धाब्यावर टाकायला, लिंपायला, वावरात घालायला लोक नेत आले आहेत. त्यात त्यांचा दोष म्हणता येत नाही, मातीची कोणाला पर्वा आहे असं त्यांना आपण कधी दाखवलंच नाही. तेव्हा तुमच्या गावची किंवा मामाच्या गावची गढी असेल तर या हिवाळ्यात सकाळी, धुकं निवळल्यावर, तिथे जा. भिंत धोक्याची असेल तर चढू नका, शेजारच्या माडीवरून पाहिलं तरी चालेल. सोबत गावातलं एखादं म्हातारं माणूस घ्या, आबा किंवा आजी. चारही दिशांना हात करून विचारा : हे शिवार काय नावाचं, तो नाला कोणता, त्या वाटेनं कोण यायचं, बुरुजाला काही नाव होतं का. सांगतील ते त्यांच्याच बोलीत, नाव-तारखेसह वहीत उतरवा. बुरुजाचा घेर दोरीनं मोजा, दगड कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते ते लिहा, दोन फोटो काढा. इतिहासाची पदवी याला लागत नाही.

परकोटाचंही तसंच. अमरावतीकरांनी एका रविवारी पाचही दरवाजे आणि चारही खिडक्या पायी फिराव्यात. साडेतीन किलोमीटरचा फेरा आहे, दोन तास पुरतात. तट कुठे दिसतो, कुठे घरांच्या भिंतीत जिरला आहे, तेवढं जरी नकाशावर मांडलं तरी पुढच्या अभ्यासकाला पाया मिळेल. अकोलेकरांनी असदगडावर पाहुण्यांना जरूर न्यावं. हवाखान्यातून मोर्णा दाखवावी, सशाची गोष्ट सांगावी, आणि ती गोष्ट आहे हेही सांगावं. मग गोविंद अप्पाजींच्या लेखाचं कोडं घालावं.

आज इथेच थांबू. अडगाव, सिरसोली किंवा तेल्हारा-अकोटकडचे कोणी ऐकत असतील, तर त्या बुरुजाबद्दल गावात काही सांगतात का ते आम्हाला जरूर कळवा. ते आपण पुढच्या वेळी सगळ्यांसमोर ठेवू.